फेटियाची पट्टी

डिसेंबर निम्मा सरला की आमच्या कॉलनीमागच्या शाळेत गॅदरिंगची तालीम सुरू होते. सकाळी मी अंगणात तूर वाळत घालत असते आणि भिंतीपलीकडे एकच गाणं दहा वेळा सुरू होऊन दहा वेळा बंद पडतं. मधूनच घसा बसलेल्या कुणा बाईंचा आवाज येतो, मागची ओळ, हात वर. त्या बाई कोण ते मला माहीत नाही, पण तो घसा मला माझाच वाटतो. जालन्यातल्याच एका शाळेत मी जन्मभर मराठी शिकवलं आणि गॅदरिंग दरवर्षी माझ्याच गळ्यात पडायचं. हे दिवस फार गोड असतात. कुणीतरी शेतावरून हुरडा पाठवतं, कोपऱ्यावर मोसंबीची गाडी लागते, दुपारी वारा फिरला की एमआयडीसीकडून तापल्या लोखंडाचा वास येतो आणि स्वेटर घालावा की काढावा हे दिवसभर ठरत नाही. मलाही हे दिवस आवडायचे. आता तालमीचं गाणं सुरू झालं की मी सूप तसंच ठेवून घरात येते आणि खिडकी लावून घेते.

यंदा खिडकी लावूनही सुटका झाली नाही. पुण्याहून माझ्या मुलीचा, मुक्ताचा फोन आला. तिची लेक पहिलीत आहे आणि तिच्या शाळेत 'ट्रॅडिशनल डे' ठरलाय. प्रत्येकीने वेगळ्या समाजाचा पोशाख घालून यायचं. मुक्ता म्हणाली, मी सातवीत घातला होता तो लमाणी ड्रेस असेल ना गं कपाटात, तो छोटा करून पाठव. मी म्हटलं, तो आपला नव्हता. मग कुणाचा होता, असं तिने विचारलं. इतक्या वर्षांत तिने हे पहिल्यांदा विचारलं आणि इतक्या वर्षांत मी ते तिला सांगितलं नव्हतं. गॅस चालू आहे म्हणून मी फोन ठेवला. गॅस चालू नव्हता.

त्या ड्रेसमधला मुक्ताचा फोटो आमच्या बैठकीत अजून आहे. स्टेजवर जायच्या आधी विंगेत काढलेला. लाल-निळ्या कापडावर आरसे, कवड्या, हातभर बांगड्या, आणि मुक्ता अशी ऐटीत उभी की विचारू नका. मूळ फोटोत तिच्या पाठीमागे आणखी एक हात होता, चोळीची नाडी ओढून बांधणारा. फ्रेमवाल्याने विचारलं, बाई, हा हात ठेवायचा का? मी म्हटलं, काढून टाका, फोटो कसा सुटसुटीत दिसला पाहिजे.

तो हात सुनीता राठोडचा होता.

सुनीता मुक्ताच्याच वर्गात होती आणि मी त्यांची वर्गशिक्षिका. तिचं मूळ घर परतूरकडच्या एका तांड्यावर. वडील रोलिंग मिलमध्ये लागले तसे ते एमआयडीसीजवळ खोली घेऊन राहत. आई, सकरीबाई, बियाण्याच्या कारखान्यात दाणे निवडायला जायची. मुलगी अबोल, अक्षर मोत्यासारखं. आईला ती याडी म्हणायची आणि वर्गात चुकून तोंडातून याडी निघालं की लगेच 'आई' असं दुरुस्त करायची. ही दुरुस्ती तिला मीच शिकवली होती. मी स्वतः अंबडजवळच्या खेड्यातून आलेली. 'न्हाई'चं 'नाही' करायला आणि 'मंग'चं 'मग' करायला मला कॉलेजची दोन वर्षं लागली होती. आपण जे सोसून सोडलं ते दुसऱ्यानंही सोडावं, यालाच मी तेव्हा शिक्षण समजत होते.

पहिल्या चाचणीनंतरच्या पालकसभेला सकरीबाई आल्या त्या त्यांच्या रोजच्या पोशाखात. घेरदार घागरा, त्याला त्या फेटिया म्हणतात, आरशांची चोळी म्हणजे काचळी, डोक्यावरून ओढणी, आणि कानांच्या बाजूंनी केसांत लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या. त्या व्हरांड्यातून आल्या ते आधी ऐकू आलं आणि मग दिसलं. काचळीची पाठ उघडी, नुसत्या नाड्या. मुली एकमेकींना कोपराने ढोसून हसायला लागल्या. सुनीता खाली मान घालून वहीचं पान चिमटीत धरून बसली होती.

मुलींना झापायचं मला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण मुली वीस आणि बाई एक. सोपं होतं ते मी केलं. सभा संपल्यावर सकरीबाईंना बाजूला घेतलं आणि अगदी मऊ आवाजात, चांगलं करतोय अशा थाटात सांगितलं, "पुढच्या वेळेला साडी नेसून या. पोरी हसतात, सुनीताला कसंतरी होतं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. सुनीताकडे नाही, माझ्याकडे. मग म्हणाल्या, "बराबर हाय, बाई."

मला वाटलं, बाई समजूतदार आहे. सुनीताला खरंच कसंतरी होत होतं का, आणि होत असेल तर आईमुळे की हसणाऱ्यांमुळे, हे मी तिला कधीच विचारलं नाही.

मग गॅदरिंग आलं. त्या वर्षीचा विषय होता 'आपली माती, आपली संस्कृती'. विषय माझाच, निवेदनही माझंच. कोळीनृत्य सगळ्याच शाळा करतात, म्हणून मला काहीतरी वेगळं हवं होतं. आणि एकदम तो व्हरांड्यातून आलेला लाल-निळा रंग आठवला. जो पोशाख पालकसभेत चालत नव्हता तो स्टेजवर किती उठून दिसेल, असं माझ्या मनात आलं. यात काही विचित्र आहे हे तेव्हा जाणवलंसुद्धा नाही, आणि आज मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती याचीच.

नाचात मुख्य मुलगी मुक्ता. ती माझी मुलगी म्हणून नव्हे, तिला स्टेजचं धाडस आहे म्हणून, असं मी स्टाफरूममध्ये दोन-तीनदा सांगितलं, कुणी विचारलं नसताना. सुनीता उंच होती, मागच्या ओळीतही ती वेगळी दिसली असती, असं काहीतरी कारण मनाशी धरून मी तिला नाचात घेतलं नाही. पण तालमीला ती येऊन बसायची. एकदा धीर करून म्हणाली, बाई, तांड्यावर असं न्हाई नाचत, गिरकी नसती, वाकून हात खाली नेत्यात आन् गोल फिरत्यात. मी तिला सांगितलं की स्टेजवर गिरकीच छान दिसते.

पोशाख तिनेच मला स्टाफरूममध्ये आणून दिला, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून. तिच्या आईच्या लग्नातला होता. आजीने दोन पावसाळे बसून हाताने शिवलेला. मी गाठोडं सोडलं तेव्हा त्याला कडुनिंबाच्या पाल्याचा वास येत होता. फेटियाच्या खालच्या कडेला वीतभर रुंदीची पट्टी होती, सगळ्या घेराला फिरलेली, आणि तिच्यावर बोटभरही जागा टाक्यावाचून सुटलेली नव्हती. पांढऱ्या दोऱ्याचे इतके बारीक टाके की मला वाटलं मशीनवर केलेत. सगळं होतं, फक्त घुगऱ्या नव्हत्या. मी विचारलं तर सुनीता म्हणाली, "त्या न्हाई देता येत, बाई. लगीन झालेलीच घालती. याडीनं सांगितलंय."

मी बरं म्हटलं आणि संध्याकाळी बाजारात जाऊन चकचकीत पत्र्याच्या दोन लोंबत्या घुगऱ्या घेऊन आले. बारा वर्षांच्या पोरीच्या केसांत त्या अडकवल्या. कुणी माझ्या मुक्ताच्या गळ्यात मंगळसूत्र घालून तिला नाचवलं असतं तर मी त्याला उभा सोडला नसता.

फेटिया मुक्ताला जड झाला. त्या पट्टीचंच वजन इतकं की गिरकी अर्ध्यात थांबायची. मी तो शिंप्याकडे नेला. शिंपी म्हातारा, जपून काम करणारा. त्याने पट्टी उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाला, बाई, हातचं काम हाय, एकदा काढलं तर पुन्हा असं बसायचं न्हाई, वर कमरेला चुण्या घालू का? चुण्यांनी वजन कमी होणार नव्हतं. मी म्हटलं, काढा. त्याने कात्री घातली. कापलेली पट्टी गुंडाळी करून माझ्या हातात दिली आणि ती इतकी सुंदर होती की तिचं काय करावं हे मला तिथल्या तिथे सुचलं. आमच्या नव्या रंगीत टीव्हीचं कव्हर त्याच्याचकडे शिवायला होतं. मी सांगितलं, ही त्याला लावा, चारी बाजूंनी, आणि पुढच्या झडपेलाही.

हे मी केलं. मागून आणलेल्या, दुसरीच्या लग्नातल्या कपड्याची कड कापून मी माझ्या टीव्हीला लावली. त्यामागे काही हेतू होता असं म्हणायचीही सोय नाही. सुंदर होतं आणि माझ्या हातात होतं, एवढंच.

गॅदरिंगच्या दिवशी मी फाटकाशी पालकांना बसवत होते. एक बाई आली. नवीन गुलाबी साडी, तीही अशी नेसलेली की निऱ्या एकीकडे आणि पदर दुसरीकडे, घोट्याच्या वर चढलेली. पावलं आखडून चालत होती. मी तिला हाताने मागच्या खुर्च्या दाखवल्या. ती दोन पावलं गेली आणि पदराखालून घुगरी वाजली. त्या सकरीबाई होत्या. मी त्यांना ओळखलं नव्हतं.

मी बघितलं ते त्यांनी बघितलं आणि पदर पुढे ओढून घुगऱ्या झाकल्या.

मग मी विंगेत गेले. तिथे मुक्ताच्या काचळीच्या नाड्या कुणालाच बांधता येत नव्हत्या, म्हणून सुनीताला बोलावलं होतं. माईकवर माझंच लिहिलेलं निवेदन चाललं होतं, आपल्या मातीतली ही रंगीबेरंगी संस्कृती आपण जपली पाहिजे. पडदा वर गेला. मुक्ताने अशी गिरकी घेतली की टाळ्या थांबेनात. पहिलं बक्षीस मिळालं. प्रमुख पाहुण्यांनी तिची पाठ थोपटली, त्या उघड्या पाठीवर मी त्वचेच्या रंगाचं कापड लावून घेतलं होतं. मागच्या ओळीत गुलाबी साडीतली एक बाई स्टेजवरच्या आपल्याच कपड्यांकडे बघत बसली होती. तिच्या अंगावरून ते मी उतरवले होते आणि माझ्या मुलीच्या अंगावर चढवले होते. एकाच शाळेत, एकाच वर्षात.

दोन दिवसांनी पोशाख परत द्यायला मी त्यांच्या खोलीवर गेले, सोबत पेढ्यांचा पुडा. सकरीबाईंनी फेटिया पसरला, कडेवरून बोट फिरवलं. बोट थांबलं. त्या रागावतील म्हणून मी तयारीत होते. रागावल्या नाहीत. काचळीला लावलेलं कापड त्यांनी दातांनी दोरा तोडून तिथेच उसवून काढलं, घडी घालून माझ्यापुढे ठेवलं, आणि विचारलं, "खालची पट्टी कुठं हाय, बाई?"

मी म्हटलं, शिंप्याकडे राहिली, पाठवून देते.

"पाठवा. मी बसवीन हातानं."

ती त्या क्षणी आमच्या बैठकीत टीव्हीवर होती. तीन-चारदा उसवायला घेतली. पण पाहुणे कव्हरचं कौतुक करत, आणि शिंप्याने कोपरे बसवताना ती कुठे कुठे कापली होती, ती तशी कापलेली कशी नेऊन द्यायची, असं करत वार्षिक परीक्षा आली. सुनीताने एकदा विचारलं, बाई, याडी विचारून राह्यली. मी म्हटलं, बघते हं. पुढच्या वर्षी वडिलांची मिल बंद पडली आणि ते परतूरला गेले. मला बरं वाटलं. शिकवलेल्या मुलीने शाळा सोडली आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवते.

पुढे कॉलनीतल्या महिला मंडळाने संक्रांतीला 'गावरान' नावाचा कार्यक्रम ठेवला. सगळ्या जणी शिवलेली तयार नऊवारी घालून आल्या. एकीने डोक्यावर गवताचा भारा घेतला, हातात विळा, आणि 'काय वं माय, कुटं निघाली' असं ओरडत ती सगळीकडे फिरली. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आईने जन्मभर भारे वाहिले आणि ती अगदी असंच बोलायची. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. घरी येऊन साडी बदलताना मात्र तो गवताचा भाराच आठवत राहिला. त्या बाईचं काही चुकलं होतं का, हे मला नेमकं सांगता येईना. तिने माझ्या आईची टवाळी केली नव्हती. फक्त माझी आई त्या हॉलमध्ये आली असती, तर तिला कुणी खुर्ची दिली नसती. समोरच टीव्हीवरचे आरसे चमकत होते. दुसऱ्या दिवशी मी ते कव्हर काढलं आणि ट्रंकेच्या तळाला घातलं. पुढे सपाट टीव्ही आले आणि कव्हरं गेली.

मुक्ताला मी आठ दिवसांनी फोन करून सगळं सांगितलं. ती चिडली. म्हणाली, आई, मला तू त्यात उभं केलंस आणि फोटो भिंतीवर लावलास. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, मग पिल्लूने घालू नये का? दुसऱ्यांचं काही घालूच नये का कधी? मी म्हटलं, मला कळत नाही. ज्यांचं आहे त्यांना विचारते.

सुनीताचा नंबर शाळेच्या ग्रुपवर होता. परतूरला ती एका कार्यालयात कारकून आहे. मी नाव सांगितल्यावर ती पूर्वीसारखीच 'हां बाई' म्हणाली. मी नातीचं विचारलं. ती जराही न अडखळता म्हणाली, "घालू द्या की, बाई. लेकरू हाय, छान दिसल." मग थांबून म्हणाली, "फकस्त एक सांगा. माझी याडी तिचे कपडे घालून त्या शाळेच्या गेटवर आली, तर आत घेतील का तिला?"

नातीला मुक्ताने फ्रॉक घालून पाठवलं. त्याने काही सिद्ध होत नाही, मला माहीत आहे.

त्या रविवारी मी ट्रंकेतून कव्हर काढलं आणि उन्हात बसून उसवलं. मशीनची शिलाई, भराभर निघाली. आजीचा टाका मात्र एकही सुटला नव्हता. तुकडे एकापुढे एक ठेवून मी हाताने जोडले आणि परतूरची बस धरली. रस्त्याने दोन्हीकडे शेवटच्या वेचणीचा कापूस उरलेला होता. मांडीवर पिशवी धरून मी माफी कशी मागायची त्याची वाक्यं जुळवत होते, आणि मराठीच्या बाईला एक धड वाक्य जुळत नव्हतं.

सकरीबाई ओसरीवर दाणे पाखडत होत्या. फिक्या साडीत. आता साडी त्यांना नीट नेसता येत होती. केसांत घुगऱ्या नव्हत्या. नवरा जाऊन चार वर्षं झाली, सुनीताने हळूच सांगितलं. तो गेला तेव्हा उतरवल्या. आणि फेटिया? तो त्या गॅदरिंगनंतर याडीने अंगाला लावला नाही, ती म्हणाली. परतूरला आल्यावरही साडीच. तुमी म्हणाल्या होत्या ना.

मी पिशवीतून पट्टी काढली. जुळवलेलं एकही वाक्य तोंडातून आलं नाही. एवढंच म्हटलं, शिंप्याकडे नव्हती, माझ्याच घरी होती, मी खोटं बोलले. सकरीबाईंनी पट्टी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, टाक्यांवरून अंगठा फिरवला. सुनीताला म्हणाल्या, पेटी उघड. सुनीताने फेटिया आणून ओसरीवर पसरला. त्याला अजून कडुनिंबाचा वास होता.

त्या गुडघे टेकून बसल्या आणि पट्टी एका टोकापासून घेराला लावत निघाल्या. मीही खाली बसून दुसरं टोक धरलं. आरसे एकेक करून जागेवर येत होते. घेर जवळजवळ फिरून होत आला आणि माझ्या हातातली पट्टी संपली. फेटिया अजून हातभर उरला होता. टीव्हीच्या कोपऱ्यांत गेलेलं ते हातभर कापड.

मी ती उघडी कड हाताने झाकली. सकरीबाईंनी माझा हात उचलून बाजूला ठेवला, त्या जागेकडे थोडा वेळ पाहिलं, आणि म्हणाल्या, "बराबर हाय, बाई."